नाल्यातली काळी चौकट

चिखलीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं बुलढाण्याच्या स्टँडवर मला गाठून सांगितलं, "बाई, दिनूसर गेले." मी त्याच्यावरच ओरडले. दिनू माझा चुलतभाऊ, चाळिशीही न गाठलेला... महिना झाला, माझा राग काही गेलेला नाही. त्यात शोकसभेत कॉलेजातले एक गृहस्थ म्हणाले, "हुशार माणूस, पण चिंध्यांत वाया गेला." म्हणून हे लिहिते.

चिखलीत काकांचा कापड रंगवायचा कारखाना. संक्रांतीला बायकांना काळी लुगडी हवीत, म्हणून आधी महिनाभर तिथं काळा रंग चढे. तो पक्का करणाऱ्या लाल खड्यांचं पिवळं विषारी पाणी नाल्यानं खाली भाजीच्या मळ्यांत उतरे. महाराष्ट्र झाला त्या सुमारास दिनू रसायनशास्त्र शिकून आला आणि बुलढाण्याच्या कॉलेजात लागला. रंगवलेलं एक कापड त्या पिवळ्या पाण्याच्या हौदात विसरून राहिलं होतं, त्याच्याभोवतीचं पाणी नितळ झालेलं त्यानं पाहिलं. मग झपाटलाच! एकदा मला प्रयोगशाळेत नेऊन त्यानं आम्लात भिजवलेल्या काळ्या पट्टीला तारा जोडल्या. मीटरची सुई सरकली.

"ताई, सुतावर चढलेल्या या काळ्या थरातून वीज जाते. अन् हाच थर ते पिवळं विष धरते."

त्यानं अशा पट्ट्या लाकडी चौकटीला बांधून थेट नाल्यात रोवल्या. काका मळेवाल्यांदेखत कडाडले, "बापाच्याच धंद्याले बट्टा लावून राह्यला काऊन बे?"

"बट्टा पाण्याले लागला, बाबा."

"एवढं साफ झालं तं पिऊन दाखव!"

"पिणार नाही. पिण्याजोगं झालं असं मी म्हटलंच नाही. पिवळं कमी झालं, एवढंच म्हणतो."

"सूत हाय ते. सडून जाईन."

"सडू द्या. बदलू."

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. तरी दिनू दर रविवारी येई, पट्ट्या बदली, काढलेल्या पट्ट्या मळ्यात जाऊ नयेत म्हणून डब्यात बंद करी आणि घराची पायरी न चढता परत जाई. लोक हसत. हसोत! नाल्याचं पाणी खाली जाताना फिकं व्हायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परवा चिखलीला गेले. काका नाल्याच्या काठावर बसून चौकटीला नवी पट्टी बांधत होते. त्यांच्या हाताला गाठ साधत नव्हती. मुनीम हळूच म्हणाला, "मालक, दिनूभाऊ तं गेले... आता काढून टाकू का हे?"

काकांनी मानही वळवली नाही. "हात तं लावून पाह्य!"

मी खाली बसले आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.