जेवढं ठाऊक तेवढेच आकडे

आमच्या साडूंइतका आकड्यांशी इमानदार माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि सोयरिकीच्या बैठकीला नेऊ नये असाही दुसरा झाला नाही. पुतणीला बघायला आलेल्या मुलाची उंची त्याच्या वडिलांनी "पाच फूट सव्वासहा इंच" सांगितली, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून साडूंनी अगदी अदबीनं विचारलं, "वरचा पाव इंच कशानं मोजला?" सोयरीक मोडता मोडता राहिली. बायकोचा तापसुद्धा ते डॉक्टरांना "शंभराच्या वर हाय, पुढचं दिसंना" असा सांगत. जेवढं नक्की ठाऊक तेवढेच आकडे बोलायचे. त्यापुढचे सगळे थापा.

आम्ही दोघं एकाच बियाणे केंद्रात होतो. मी आवक-जावक लिहायचो, ते ज्वारीच्या उताऱ्याची सरासरी काढायचे. केंद्रात पहिला संगणक आला आणि साहेब हरखून गेले. नव्या वाणाचा हेक्टरी उतारा २३.४६१५३८ क्विंटल, जुन्याचा २३.४१०२५६! "नवा सरस," म्हणत साहेबांनी शिफारशीचा कागद मागवला. साडूंनी मात्र पंधरा दिवस खपून संगणकाला शिकवलं, की वाफ्यातल्या वजनकाट्याला कळतात तेवढेच आकडे छापायचे. कागद बाहेर आला. नवा २३, जुना २३.

"दशांश कुठं गेले?" साहेब कडाडले.

"ते नव्हतेच, साहेब. आपला काटा अर्ध्या किलोच्या खाली बोलत न्हाई, अन् गुंठाभर वाफ्यातला अर्धा किलो हेक्टरी धरला की अर्धा क्विंटल व्हतो."

"मग आधीसारखं छापा."

"मशीन छापील. सही मला जमायची न्हाई. यावर लोक सालभराची पेरणी करतेत."

दाराबाहेर फायली घेऊन उभा असलेला मी पाय न वाजवता मागं सरकलो. बदलीची कुजबुज सुरू झाली, घरी मेहुणीनं डोळ्याला पदर लावला. मी समजवायला गेलो, "करून टाका की सही." ते हसले. "तुमी केली असती?"

आठ दिवस गेले. मग साहेबांनीच आणखी एक हंगाम चाचणी घ्यायला लावली. काढणीच्या तोंडावर पावसाची झड लागली आणि नव्या वाणाची कणसं पार काळी पडली. जुनं तगलं. साहेब स्वतः साडूंच्या टेबलाशी आले, चहा मागवला आणि एवढंच म्हणाले, "तुमच्याच पद्धतीनं छापत जा."

साडू गेले तेव्हा दवाखान्यातला फॉर्म मी भरला. वय विचारलं. त्यांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजानं टाकलेली.

"साठीच्या आसपास," मी म्हणालो.

"नेमकं सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

कोणताही आकडा चालला असता, कोणी तपासणार नव्हतं. पण मला सांगवेना.