चौथा कोपरा

दीपाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. घरात तेवढा वेळ माझ्याकडेच आहे, म्हणून मी लिहितो. जमेल तसं.

दीपा माझी सून. कोपरगावहून लग्न होऊन सोनईत आली तीच सुईदोरा घेऊन. जुन्या लुगड्यांची गोधडी ती अशी शिवते की उलटी-सुलटी बाजू ओळखू येत नाही. गल्लीत बाळ जन्मलं की पहिली गोधडी दीपाची, हे ठरलेलं. आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत. तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात पोळीचा तुकडा ठेवायचा आणि मग तो बंद करायचा. अशा गोधडीत लेकरू शांत झोपतं म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी दीपाला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. तिच्यासाठी चाललेली गोधडी तीन कोपऱ्यांवर थांबली. दीपाने ती ट्रंकेत ठेवली आणि सुई सोडली. बारशांना जाणंही बंद केलं. माझा मुलगा गोरक्ष, माझी बायको भागिरथी आणि मी, आम्हाला काय बोलावं ते कळेना. म्हणून आम्ही काहीच बोललो नाही.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात शेजारच्या दगडाबाईंची लेक रेश्मा बाळंत झाली. सोमवारी दगडाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"दीपे, रविवारी बारसं हाय. गोधडी तुझ्याच हातची पायजे."

"माझ्या हातची नको, मावशी. बाया नावं ठेवतील."

"बायांना कुठं पांघरायचीय? माझ्या नातवाला पायजे."

दीपा उठून आत गेली.

मला वाटलं, तो उघडा कोपराच हिला सुई धरू देत नाही. मंगळवारी सासू-सून दळणाला गेल्या तेव्हा मी ट्रंक उघडली. साखर कारखान्यात तीस वर्षं पोती शिवलेला माणूस मी, एका कोपऱ्याचं काय एवढं? दाभण घेतलं, सुतळी ओवली. डब्यात संक्रांतीची गुळपोळी होती, ती आत घातली आणि कोपरा घट्ट शिवून टाकला.

बुधवारी ट्रंकेकडे मुंग्यांची रांग लागली. दीपाने गोधडी बाहेर काढून झटकली आणि सुतळी बघून थांबली.

"मामा, हे तुम्ही केलं?"

"व्हय."

"अहो, तुकडा ठेवतात! तुम्ही अख्खी गुळपोळी कोंबली?"

"तीन वर्षं उपाशी हुती ती," मी म्हणालो.

भागिरथीने वाकून कोपरा पाहिला. "अगं बया! आता ह्याच्यावर वजन लिहा न् कारखान्यात धाडा."

दीपा हसली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. मग तिथेच बसून बोलायला लागली. पोरीचं नाक गोरक्षसारखं होतं. जावळ दाट होतं. मनात तिने तिचं नाव संस्कृती ठेवलं होतं. आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गुळपोळी काढून तिने नखाएवढा तुकडा ठेवला आणि कोपरा माझ्यापुढे केला.

"शिवा परत. सुतळीनंच."

मी शिवेपर्यंत ती सासूला विचारत होती, "आत्या, तुमचं ते हिरवं लुगडं फाडू का?"

रविवारी रेश्माचं बाळ हिरव्या गोधडीवर निजवलं. बाळाने पहिल्या पाच मिनिटांत ती ओली केली.

"घ्या! आवडली बगा त्याला," दगडाबाई म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने दीपा हसली. मग पाळण्याची दोरी तिनेच धरली, सोडायला तयार होईना.

आता घरात चार जणींची लुगडी येऊन पडली आहेत. संस्कृतीची गोधडी मात्र ट्रंकेत नसते. दीपा ती अंगणात उन्हात टाकते. येणारीजाणारी बाई थांबून विचारतेच, "तीन कोपरे असे देखणे, न् हा कुणी शिवला गं?"

"माझ्या लेकीच्या आजोबांनी," दीपा सांगते.