आगे-पीछे बसण्याची सवय

इंदूरची मिल बंद पडली आणि माझा मुलगा समुद्रात कामाला लागला. समुद्रात म्हणजे तेलाच्या विहिरीवर. भर पाण्यात लोखंडी मचाण उभं करतात, त्यावर वेल्डिंग. सिरपूरच्या तलावापलीकडे ज्याने पाणी पाहिलं नाही, तो तिथे. विजय नगरच्या एका एजंटने लावला.

मचाणाला आग लागली तर पळायला बंद डब्यासारखी नाव टांगलेली असते. आत बाकं, प्रत्येकाला आखलेली जागा, प्रत्येकाला पट्टा. पट्टा आवळून बसायचं, मग नाव दोरावरून खाली सोडतात. त्या दिवशी नुसता सराव होता, तरी ठेकेदाराने जागेपेक्षा जास्त माणसं कोंबली. त्यात प्रत्येकाच्या अंगात फुगीर जाकीट. आणि माझं पोरगं पडलं इंदूरचं! आपल्याकडे टेंपोत तिघांच्या बाकावर चौथा आला की एक पुढे सरकतो, एक मागे. "आगे-पीछे हो जाओ भिया." हा झाला पुढे. शेजारी नीट बसला, पण याचा पट्टा काही लागेना. पाण्याला टेकायच्या आधीच दोराचा हूक सुटला, नाव पाण्यावर आदळली आणि याच्या मणक्याला तडा गेला.

चालायला लागला तसं एजंटने बोलावलं. मीही गेलो. गार खोली, पाण्यालाही विचारलं नाही.

"दादाजी, कोणी मेलं का? नाही ना? थोडं एडजस्ट करावं लागतं."

"माणसाला पट्ट्याशिवाय बसवायचं, हे एडजस्ट?"

"तुमचाच मुलगा पुढे सरकला. कोणी ढकललं त्याला?" आणि हसला.

शिसारी आली मला. पोराने दुसऱ्याला जागा दिली, तर गुन्हेगारही तोच!

मग पोराकडे वळला. "अगली खेप में जा रहा है ना? बाहर लाइन लगी है."

घर त्याच्याच पगारावर होतं. हा आता 'हो' म्हणतो की काय, अशी मला भीती वाटली. पोरगं टेबल धरून उठलं. "गिनके बिठाओगे तो आऊँगा. नहीं तो नहीं."

एजंटने घंटी दाबली. "अगला भेजो."

जिना उतरून खाली आलो आणि त्याच्या दाराच्या चकचकीत काचेवर मी पानाची पिंक टाकली. चौकीदार ओरडला, "शर्म नहीं आती, बाबूजी?"

नाही आली. पोरगं कठडा धरून अजून जिना उतरत होतं. त्याच्यासाठी तिथेच उभा राहिलो.