भाऊजींनी तपासलेले पाच क्लब

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, हे गोंदिया जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत ज्यांनी पुण्यातले पाच पॅडल क्लब एकही चेंडू न मारता तपासले आणि त्यातले चार नापास केले. पॅडल म्हणजे काय हे आमच्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पुण्याला जायच्या महिनाभर आधीपर्यंत भाऊजींनाही नव्हतं. काचेच्या भिंतींच्या मैदानात, मधे जाळी बांधून, चार जण टेनिससारखा चेंडू मारतात. बॅटला तारा नसतात, नुसती भोकं असतात. ती बॅट पहिल्यांदा हातात आली तेव्हा भाऊजी उलटीसुलटी करून एवढंच म्हणाले, "हा तर बुंदीचा झारा हाये."

तपासणं हा त्यांचा धंदा होता आणि धंदा सुटल्यावर तो स्वभाव झाला. चाळीस वर्षं त्यांनी गोंदियाच्या राइस मिलांमध्ये तांदळाची दलाली केली. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली धरायचा आणि धान किती दिवस वाळलं, कुठल्या बाजूचं आहे, मधे पाऊस लागला होता का, हे सगळं सांगून मोकळं व्हायचं. आता ते बिरसीला शेतावर असतात, पण हात थांबलेला नाही. छत्री घेताना ते दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावतात. ऑटोत बसण्याआधी इंजिन चालू करून ऐकतात. लग्नात पंगत बसण्याआधी आचाऱ्याकडे जाऊन भाताचं शीत दोन बोटांत दाबून बघतात, आणि आचारीही मान खाली घालून निकालाची वाट बघतो. बिरसीला विमान चालवायचं शिक्षण देणारी शाळा आहे. तिथली शिकाऊ विमानं त्यांच्या धानाच्या बांधीवरून उतरतात, त्यांनाही भाऊजींचे गुण मिळतात. "सकाळचा तिसरा पोरगा कच्चा हाये. दोनदा उसळला," असं ते मला मुद्दाम फोन करून कळवतात. मी मुलांच्या साध्या शाळेत वेळापत्रक करते. त्या पोराचं मी काय करावं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

माझी पद्धत वेगळी. मी यादी करते. प्रवासाला निघताना माझ्या बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असते, आणि परत येतानाची वेगळी. भाऊजींना याची भारी गंमत वाटते. "सगळं लिहिलं बाई, पण श्वास घ्याचं राहिलं ना," असं ते ताईसमोर म्हणतात आणि ताई हसते.

तर प्राची, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. फोनवर सगळ्याला एकच उत्तर, ठीक आहे. दिवाळीला आली तेव्हा स्वयंपाकघरात ताईजवळ म्हणाली, "आई, शुक्रवारी संध्याकाळी तोंड बंद होतं ते सोमवारीच उघडतं. नाताळनंतर राजीनामा देते. इथंच काहीतरी बघते." ऑफिसातल्या कुणीतरी तिला एकदा पॅडल खेळायला नेलं होतं. कॉलेजात ती बॅडमिंटन खेळायची, त्यामुळे ते तिला आवडलं होतं. मग जात का नाहीस, असं मी विचारलं. "मावशी, त्याला चार जण लागतात. एकटीनं कुठं जाऊ?"

भाऊजी ओट्याशी शेंगा सोलत होते. आठवडाभरानं त्यांचा मला फोन आला, "नाताळाची सुट्टी कई लागते तुले? मी पुण्याले जाऊन राहिलो. क्लब पाहाले." ताईचा गुडघा दुखत होता, त्यामुळे सोबत मी निघाले. गाडी आमच्या गोंदियातूनच सुटते आणि पुण्याला पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस घेते. तेवढ्या वेळात मी तक्ता करून टाकला. पाच क्लब, अकरा रकाने. मैदानं किती, दिवे कसे, भाडं, खोलीपासून अंतर, बायकांचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, वगैरे. भाऊजींनी तक्ता चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि त्यावर पोळीचा डबा ठेवला.

पहिला क्लब एका मॉलच्या गच्चीवर होता. निळी मैदानं, खाली गालिच्यासारखं काहीतरी, वर शहराचा धूर. प्राची ऑफिसात होती; तिला आम्ही सहज भेटायला आलो एवढंच सांगितलं होतं. भाऊजींनी भाड्यानं एक बॅट घेतली, पांढऱ्या पायजम्यावर ती आडवी ठेवली, मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी रकाने भरून परत आले तरी ते तसेच. चाळीस मिनिटांत त्यांच्याशी एकच माणूस बोलला, "अंकल, थोडं सरकता का? फोटोत येताय." भाऊजी सरकले, उठले, बॅट परत केली. "नापास."

दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं दोनदा येऊन विचारलं, तुमचं बुकिंग आहे का. मी म्हटलं, चला, इथं निदान कुणी विचारलं तरी. भाऊजींनी मान हलवली. "हे विचारणं नाही, हे हाकलणं हाये."

तिसरा क्लब मला मनापासून आवडला होता. अकराच्या अकरा रकान्यांत बरोबरची खूण. कॉफीसुद्धा चांगली. तिथं भाऊजी तासभर बसले आणि नापास म्हणाले, तेव्हा मी भांडले. "कशात नापास ते तरी सांगा. दिव्यांत की पाण्यात?"

"तुझ्या तक्त्यात नाही ते."

"मग सांगा, बारावा रकाना करते."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना चार मुली. स्थळ आलं की पोराच्या घरी जायच्या आदल्या दिवशी वडील एकटेच त्या गावात जायचे. कुणाकडे जायचं नाही. पिंपळाच्या पारावर बसायचं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकायची आणि वाट बघायची. चिमूट संपायच्या आत कुणी "कोण्या गावचे जी?" म्हणून विचारलं तर दुसऱ्या दिवशी मुलाचं घर बघायचं. नाही विचारलं, तर तसंच परत. एका गावात ते गुरं घरी येईपर्यंत बसले होते. तिथलं स्थळ श्रीमंत होतं, तरी मोडलं. "घर तं सजवून दाखवतात," भाऊजी म्हणाले, "गाव कोण सजवते? पोरीले राहाचं गावात असते."

मी बारावा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'कुणी आपणहून विचारेपर्यंतची मिनिटं'. कबूल करते, त्यानंतर माझंच लक्ष इतर रकान्यांतून उडालं. चौथ्या क्लबात मी त्यांच्यापासून दूर, खांबाआड उभी राहून घड्याळ बघत होते. अकराव्या मिनिटाला एक तरुण हसत त्यांच्याकडे गेला, शेजारी बसला, नाव-गाव विचारलं. मी आकडा लिहूनही टाकला. मग कळलं की तो शिकवण्यांची वर्गणी विकत होता. भाऊजींनी माझ्या हातून पेन घेऊन तो आकडा स्वतः खोडला.

त्या संध्याकाळी प्राचीला सगळं कळलं. कळलं म्हणजे मीच तक्ता टेबलावर विसरले. तिनं बारावा रकाना वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी मैत्रिणी शोधत फिरताय? लोकांच्या बाकावर बसून? मी काय लहान आहे?"

तिनं तक्त्याची घडी करून माझ्या हातात दिली.

"राजीनामा लिहून ठेवलाय मी. सोमवारी देते. मग तुमच्या मागोमाग येतेच घरी."

"देजो," भाऊजी म्हणाले. "सोमवारी देजो. एक राहिला हाये पाहाचा, तो पाहून घेतो."

पाचवा क्लब म्हणजे एका शाळेमागची पत्र्याची शेड. दोनच मैदानं, काउंटर म्हणून दाराशी एक टेबल आणि त्यामागे एक बाई, एक दिवा बंद, स्वच्छतागृहाला कडी नाही. माझ्या तक्त्यात सात फुल्या. भाऊजी बाकावर नीट टेकलेही नव्हते. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक पन्नाशीच्या बाई काचेचं दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, आमच्यात एक कमी आहे. येता का?" मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं.

भाऊजी उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या पायजम्याकडे बाईंनी पाहिलंही नाही.

"मी नाही जी. माझी पोरगी येईन. उद्या."

"सहाला पाठवा. उशीर चालणार नाही, मी ओरडते. कुठले तुम्ही?"

"गोंदिया."

"अगोबाई, एवढ्या लांबून पॅडल बघायला आलात?" असं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं आणि डब्यातला चिवडा दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्राची आली ती केवळ बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून. मैदानात चोरासारखी उभी होती. पहिले चारपाच चेंडू तिच्या मागं गेले आणि तिनं ते सोडून दिले. पट्टेवाल्या बाई खरोखरच ओरडल्या, "अगं सोडतेस काय, काचेवर आपटून येतोय ना परत. मार." पुढचा चेंडू काचेवरून आला, प्राची वळली आणि तिनं तो असा मारला की समोरचे दोघं एकमेकांवर आदळले. चौघंही हसायला लागले, ती धरून. इतक्या महिन्यांत ती अशी हसल्याचं फोनवर तरी कुणी ऐकलं नव्हतं. मी भाऊजींकडे पाहिलं. शीत दाबून बघताना त्यांची बोटं जशी असतात, तशी ती दोन बोटं एकमेकांवर घासत होती.

आमची गाडी त्याच रात्री होती. खेळ संपल्यावर ते चौघं चहाला निघाले आणि प्राची आमच्याकडे आली, स्टेशनवर येते म्हणाली. "कायले? ते थांबून राहिले," भाऊजी म्हणाले. ती क्षणभर घुटमळली आणि गेली. सोमवारी तिनं राजीनामा दिला नाही. ते आम्हाला गाडीतच, अकोल्याच्या आसपास, तिच्या फोनवरून कळलं.

भाऊजींनी फोन ठेवला. मी डबा काढला, पोळी वाढली आणि न राहवून विचारलं, "खरं सांगा भाऊजी, ती परत यावी असं तुम्हाला वाटत नव्हतं?"

"वाटत होतं ना," ते म्हणाले. "काऊन नाही वाटणार? पाचच्या पाचही नापास कराच्या हिशेबानं आलतो मी. तिले सांगितलं असतं, पाहून आलो बाई, एकही गाव चांगलं नाही, चाल घरी." त्यांनी पोळीचा घास मोडला. "पण त्या बाईनं चारच मिनिटांत विचारलं. खोटं कसं लिहाचं?"

याला आता वर्ष होत आलं. प्राचीचे फोन येतात, पण पूर्वीपेक्षा कमी, आणि त्यात ठीक आहे हे शब्द जवळजवळ नसतात. मधे दिवाळीला ती दोनच दिवस आली. ताई कुरकुरली, भाऊजी नाही. पण रविवारी त्यांच्याकडे गेले की एक गोष्ट दिसते. बरोबर सहा वाजता ते अंगणात खाटेवर बसून पुण्याला फोन लावतात, मुलीला नाही, क्लबाच्या काउंटरवरच्या बाईंना.

"चार झाले का जी?"

"झाले काका. बोलावू का तिला?"

"नको नको. खेळू द्या."

एवढं बोलून फोन ठेवतात. मग खाटेवरून उठत नाहीत. चहा झाला म्हणून ताई दोनदा हाक मारते, शेवटी कप घेऊन स्वतःच बाहेर येते आणि आत चला म्हणते. फोन मांडीवर उताणा ठेवलेला असतो. सात वाजत आलेले असतात.

"थांब जराशी," भाऊजी तिला म्हणतात. "खेळ आता सुटला असन."