बशीरभाईंच्या खिडकीकडे वळवलेला भोंगा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई. पुढे पुढे माझी मलाच इतकी लाज वाटायला लागते की सांगणं अर्धं राहतं.

मी दौंडात रेकॉर्डांचं दुकान चालवत होते तेव्हाची ही गोष्ट. दुकान म्हणजे काय हो? रेल्वे कॉलनीच्या समोर रस्त्याला लागून एक खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर तबकड्या, त्या वाजवायला चावीचा एक फोनो, एक बाकडं आणि दारावर एक भलामोठा भोंगा. दुकान ह्यांचं. हे लग्नाकार्याला भोंगा घेऊन जायचे, खांबावर चढून बांधायचे आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डी विकायचे.

हे गेले आणि भोंग्याची गिऱ्हाइकं थांबली. बरोबरच आहे, नऊवारीतली बाई लग्नाच्या मांडवात खांबावर चढणार आहे का? राहिल्या रेकॉर्डी. पण गावात फोनो असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत. दिवसभरात कोणी दुकानाची पायरी चढलंच, तर ते विचारणार, "बाई, शिरूरची मोटार गेली का हो?"

शिरूरला माझा मोठा भाऊ. त्याचं महिन्याला एक पत्र ठरलेलं. "कमळे, दुकानाला कुलूप लाव आन् हिकडं निघून ये. घर तुजंच हाय." दादा बोलतो तसंच लिहितो. घर माझं होतं, खोटं नाही. वहिनीही भली. पण तिथे गेले की मी सोप्यातल्या एका कडेला निजणार आणि जन्मभर "दादांची बहीण आलीये ती" एवढीच राहणार. इथे निदान मला "दुकानवाल्या बाई" म्हणत होते. दीड वर्ष मी पत्रातल्या त्या ओळीला उत्तरच देत नव्हते.

सकाळ-संध्याकाळ कशीही जायची. दुपार मात्र जात नसे. बाजार निजलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि दुकान खायला उठायचं. मग मी काय करायची? फोनोला चावी द्यायची आणि भोंगा लावायची! एक भावगीत होतं, एक बाई आपल्या दूर गेलेल्या माणसाला हाक मारतेय असं. तेच लावायची. संपलं की पुन्हा सुई उचलून तेच. तेवढाच माणसाचा आवाज.

अशाच एका दुपारी समोरच्या पहिल्या क्वार्टरची खिडकी धाडकन उघडली. आत बनियनवर उभे बशीरभाई. ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, अंगानं पहिलवान, बोलायला अगदी मवाळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले, मान कलती केली आणि डोळे मिटून घेतले.

आता तुम्हीच सांगा, गाणं चालू असताना एखादा माणूस डोळे मिटून, मान कलती करून उभा राहिला तर तुम्ही काय समजाल?

मी समजले, तल्लीन झाले!

मी मान डोलवली. त्यांनी डोळे उघडले आणि ते हाताचा पंजा खाली, खाली, खाली नेऊ लागले. मला वाटलं, ताल धरला! मीही मांडीवर ताल धरून दाखवला. शेवटी त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. मी उठून उभी राहिले आणि तसाच वाकून नमस्कार केला. खिडकी बंद झाली. जरा जोरात झाली, पण मी म्हटलं, ऊन लागत असेल.

दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी ऐकत होतं हो! त्या दिवशी मी एकटीपुरती का होईना, पुरणपोळी केली.

दुसऱ्या दिवशी स्टूल घेतलं, त्यावर पाट ठेवला, पदर खोचला आणि वर चढून भोंगा बशीरभाईंच्या खिडकीकडे वळवला. अगदी नेम धरून. म्हटलं, गाणं वाऱ्यावर कशाला घालवायचं? जो ऐकतोय त्याच्या कानापर्यंत नीट जाऊ दे. आवाजही वाढवला.

तिसऱ्या दिवशी बशीरभाई स्वतः दुकानात आले. डोळे लालबुंद. मला भरून आलं. म्हटलं, या गाण्यानं माणूस रडून आलाय.

"ताई," ते म्हणाले, "ही जी तबकडी तुम्ही लावता, तशी अजून हाय का दुकानात?"

"नाही हो, एकच आहे."

"येकच? नक्की?"

"अगदी नक्की."

"मग ती द्या मला."

माझं गिऱ्हाईक! मी तबकडी पुसून, कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून दिली. रीतीप्रमाणे म्हटलं, "एकदा वाजवून दाखवते, घेण्याआधी ऐकून घ्या."

"नको, नको!" ते एकदम मागं सरले. "ऐकलीय मी. लई येळा ऐकलीय." आणि पुडकं काखेत मारून असे निघाले की मी कोणाला रेकॉर्ड घेऊन इतकं खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी सनई लावली. दुसऱ्या दिवशी ते सनई घेऊन गेले. मी गवळण लावली. ते गवळण घेऊन गेले. मी म्हटलं, काय ही आवड! मग कव्वाली लावली, खास त्यांच्यासाठी. तीही घेऊन गेले. आठवड्यात चार!

चौथीच्या वेळी मी हौसेनं सांगितलं, "बशीरभाई, काळजी करू नका. पुण्याला पत्र टाकलंय. पेटीभर नवीन रेकॉर्डी येतायत."

ते बाकड्यावर बसलेच. "पेटीभर?"

"पेटीभर."

"कशापाई येवढी तकलीफ, ताई?"

"तकलीफ कसली! तुमच्यासारखा कानसेन समोर राहतो, हे माझं भाग्य."

त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. माणूस भारावला की असंच करतो, नाही का?

मग मी दादाला पत्र लिहिलं. लांबलचक. लिहिलं की मी शिरूरला येणार नाही, इथे माझ्या गाण्याला कान देणारा माणूस आहे, दुपारभर खिडकीत उभं राहून ऐकतो. दादाचं उत्तर आलं, "आयतवारी येतो. तुझा तो गाणंवेडा मला बघायचाय. खरंच कोन आसंल तर पुन्हा शबुद काढणार न्हाई. नसंल तर ट्रंक भरून ठेव."

आता आली का पंचाईत? पंचाईत कसली, म्हटलं. बशीरभाईंना रविवारी दुकानात बोलवायचं, दादासमोर दोन शब्द बोलायला सांगायचे, झालं. शनिवारी दुपारी वाटीत बेसनाचे लाडू घेतले आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार त्यांच्या बायकोनं, जैनबभाभींनी उघडलं. उघडताच ओठावर बोट. "हळू, ताई. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

मी पाय न वाजवता आत गेले. आणि पाहते तर काय, पाण्याच्या माठावर माझं भावगीत! झाकण म्हणून! वर पितळी तांब्या. पिठाच्या डब्यावर सनई. गवळण कोंबड्यांच्या खुराड्याच्या तोंडाशी आडवी लावलेली. कव्वालीवर भाभींनी लसूण सोलायला घेतला होता.

मला काहीच कळेना. मी विचारलं, "भाभी, फोनो कुठं ठेवलाय?"

"फोनो? आमच्यात कुठला आलाय फोनो!"

"मग ह्या रेकॉर्डी?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, लसणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा ताई. रागवू नगा. हे रातभर इंजिनावर असत्यात. सकाळच्याला येत्यात आन् दुपारी झोपत्यात. म्हंजी, झोपत व्हते."

खाली फरशी होती म्हणून, नाहीतर मी त्याच जागी जमिनीत गेले असते.

"खिडकीतनं खुणा करून सांगितलं, झोपायचंय, आवाज कमी करा, हात बी जोडले. तर म्हणाले, बाईंनी भोंगाच हिकडं वळवला! मी म्हटलं, जाऊन सरळ सांगा की. तर म्हणत्यात, मालक गेलेली बाई, येकटी बसती, जिवाला इरंगुळा म्हणून लावती. तिला कुठल्या तोंडानं सांगू? त्यापरीस तबकडीच इकत आणतो, म्हंजी मिटलं."

"आणि मी दुसरी लावली," मी म्हणाले.

"व्हय. आन् तिसरी. आन् आता पेटी येनार म्हणल्यावर त्यांनी बदलीचा अर्ज लिवायला घेतलाय."

एवढ्यात बशीरभाईच उठून दारात आले. मला पाहून माणूस ओशाळला. आणि काय म्हणाले असतील? "माफ करा, ताई."

"अहो, तुम्ही कसली माफी मागताय!"

"चार घेतल्या, आन् येक बी ऐकली न्हाई."

मी म्हटलं, तबकड्या परत द्या, पैसे परत देते. भाभी म्हणाल्या, "माठावरली ऱ्हाऊ द्या. लई बेस बसलीय." मग मीच बशीरभाईंना विचारलं, तुम्ही गाडीवर कधी असता, घरी कधी असता, तेवढं मला कळवाल का? तुम्ही असाल तेव्हा मी सुईलाही हात लावणार नाही. रविवारी कानसेन म्हणून बोलवायचं होतं, ते अर्थातच पोटात ठेवलं. लाडूची वाटी तिथेच ठेवून घरी आले आणि ट्रंक काढली.

रविवारी दादा आला. वळकटी बांधायला चऱ्हाट घेऊनच आला! बाकड्यावर बसला, पाणी प्यायला. समोरून भाभींनी हाक मारली, "ताई, गेले हो! मनमाडला गेलेत, आज दिवसाची पाळी हाय, दुपारच्याला न्हाईत, सांजच्याला येत्यात. लावा आता बिनघोर!"

मी उठले, भोंगा लावला. पेटी आली नव्हती, फळीवर एक लावणी होती, तीच लावली.

दादानं मान वर केली. "ही बाई काय म्हणली? आन् तुजा तो गाणंवेडा कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. खिडकी, खुणा, माठ, खुराडं, लसूण. दादा इतका हसला की उपरण्यानं डोळे पुसायला लागला. मग हसणं ओसरल्यावर म्हणाला, "म्हंजी कमळे, तुजं गाणं ऐकाया हितं कोनीच न्हाई."

"कोणीच नाही, दादा."

खरंच नव्हतं. पण ह्यांच्या मागे मला कोणी रस्त्यापलीकडून हाक मारून सांगितलं नव्हतं, आम्ही निघालो, अमक्या वेळी येतो. आज सांगितलं होतं.

दादानं चऱ्हाट उचललं. "मग चल की शिरूरला. हितं कशासाठी ऱ्हातीस?"

"अरे, असं कसं?" मी म्हणाले. "ते सांजच्याला घरी येतील. तेव्हा गाणं बंद करायला इथं कोणीतरी नको का?"