जिताडा कोणत्या साहेबाकडे गेला?

कासू स्थानकावरून खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर ‘निसर्गरम्य किनाऱ्यावर आपले स्वागत असो’ असा फलक आहे. फलकाच्या पुढे रस्ता मात्र नाही. या विसंगतीकडे कमळाकर मोकल यांनी तीन अर्जांद्वारे लक्ष वेधले, तेव्हा शासनाने तत्परतेने फलकाला नवा रंग दिला.

कमळाकर पेणच्या एका शाळेत लिपिक. वय चोपन्न, शिक्षण मराठीत एम. ए. त्यांच्या अर्जात स्वल्पविराम चुकत नसे आणि त्यांच्या अर्जाने काही घडतही नसे. अपवाद एकच. खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीच्या बांधात एक दार बसवलेले असते. त्याला उघडी म्हणतात. गावची मोडकी उघडी दुरुस्त व्हावी म्हणून कमळाकरांनी अकरा वर्षे अर्ज केले, आणि यंदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती एकाएकी दुरुस्त झाली. दुर्दैव असे, की त्याच आठवड्यात घरामागच्या तळ्यातला त्यांचा जिताडाही नाहीसा झाला.

पेणकडच्या खाडीकाठी जिताडा हा नुसता मासा नव्हे. तो तळ्यात तीन-चार वर्षे पोसायचा आणि मग एक तर जावयाच्या ताटात वाढायचा, नाही तर अडलेले काम सुटावे म्हणून एखाद्या साहेबाच्या मागच्या दारी पोचवायचा. या दुसऱ्या प्रथेविरुद्ध कमळाकरांनी हयातभर लेखणी झिजवली होती. त्यांचा जिताडा लेक नूतनच्या दिवाळसणासाठी राखलेला होता. जाळे टाकले ते रिकामे आले, आणि जावई आदर्श यांच्या ताटात ब्रॉयलर कोंबडीचा रस्सा पडला.

जावयाचे वडील महिपती रोह्याकडचे शेतकरी. पानावरून उठता उठता त्यांनी विचारले, “उघडी झाली म्हणं दुरुस्त? अकरा वर्षांनी?”

“झाली,” कमळाकर अभिमानाने म्हणाले.

“मंग जिताडा चांगला वजनदार असंल. कुठल्या सायबाला पावला?”

पंगत खदखदून हसली. कमळाकरांना त्यांनी कंजूष म्हटले असते तरी चालले असते; पण लाच देणारा! शेजारची सलीमा पुढे होऊन म्हणाली, “नाय ओ, पाणमांजरानं खाल्ला. मी माझ्या डोल्यानी बगितला.” महिपतींनी हात झटकला. “शेजारीण साक्षीदार! आमच्या गावात पाणमांजर नाय, म्हणून काय सांगाल ते ऐकू व्हय?”

त्या रात्री कमळाकरांनी व्याह्यांना पत्र धाडले: ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीस उपस्थित राहावे.’

महिपती आले, पण रिकाम्या हाताने नव्हे. पत्नी बायजा यांच्या माहेरच्या जमिनीची मोजणी पेणच्या कचेरीत अडकली होती. त्या कामासाठी ते आदल्या दिवशीच पेणला आले होते आणि सकाळी बाजारातून चांगला चार किलोंचा जिताडा घेऊन तळ्यालगतच्या खाडीच्या बांधावर हजर झाले.

“बगा व्याही, जिताडा असा असतो. इसरला असाल म्हणून आणला.” त्यांनी ओले गोणपाट उघडून दाखवले. “कारभारणीला सांगितलंय, मसाला वाटून ठेव.”

ऊन लागू नये म्हणून महिपतींनी गोणपाट मागच्या बाजूला, तळ्याच्या कडेला झुडपाखाली ठेवले, आणि दोघे व्याही खाडीकडे तोंड करून बसले. ओहोटी होती. खारफुटीखालच्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे बोटाएवढे मासे, उड्या मारत होत्या. लाल पायांचे शेकाटे पक्षी पाण्यात तपासणीला आल्यासारखे हिंडत होते.

“ह्यो तुमचा आरोपी?” महिपतींनी निवटीकडे बोट दाखवले.

“नाही.”

“मंग त्यो लांब टांगांचा?”

“तो शेकाट्या आहे. तो जिताडा खात नाही.” कमळाकरांनी खिशातून लिफाफा काढला. “हे परिशिष्ट अ. प्राण्याची विष्ठा. आत जिताड्याचे खवले स्पष्ट दिसतात.”

महिपतींनी हुंगले आणि लिफाफा लांब धरला. “व्याही, दिवाळीला लाडू दिलेत ते यापरीस बरे व्हते.”

तास गेला. निसर्ग रम्य होता; पुरावा नव्हता. आज पाणमांजर दिसले नाही तर ही थट्टा रोह्याच्या प्रत्येक लग्नात त्यांच्या आधी पोचणार होती. इतक्यात कोळंबीची बादली घेऊन सलीमा बांधावरून आली आणि थबकली.

“काका,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “मागं बगा. तुमचा आरोपी जेवतोय.”

चार पाणमांजरे होती. दोन पिल्ले गोणपाट ओढत होती. तिसरे शेपटीशी झटत होते, आणि चौथे, सर्वांत थोरले, जिताड्याचे डोके पुढच्या पंजांत धरून कडाकडा चावत होते.

“हाऽड! हाऽड!” महिपती धावले. त्या थोरल्या पाणमांजराने मिशा फेंदारून त्यांच्याकडे असे पाहिले, जसे जेवणाच्या सुट्टीत आलेल्या अर्जदाराकडे वरिष्ठ पाहतात. मग ते डोके तोंडात धरून सावकाश पाण्यात उतरले. बाकीची तिन्ही उरलेले घेऊन मागोमाग गेली.

“पाहिलंत?” कमळाकर जवळजवळ नाचले. “पाहिलंत ना?”

तेवढ्यात महिपतींचा फोन वाजला. बायजाबाईंचा आवाज बांधभर ऐकू आला. “मसाला झाला वाटून. निघालाव का जिताडा घेऊन?”

“अगो, त्यो... पाणमांजरानं खाल्ला.”



“पाणमांजरानं? ह्ये व्याह्यांनी शिकवलं व्हय? खरं बोला. मोजणीच्या कामाला गेला व्हताव ना? कुठल्या सायबाला दिलाव?”

सलीमाने पदर तोंडात कोंबला. महिपतींनी कपाळावरचा घाम पुसला आणि फोन कमळाकरांच्या हाती कोंबला. “व्याही, तुमीच सांगा. तुमी खोटं बोलत नाय, सगळ्या तालुक्याला ठाव हाय.”

हे वाक्य कमळाकरांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकले. अकरा वर्षांत कोणत्याही कचेरीने त्यांना इतके दिले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

“विहीणबाई, मी लेखी कळवतो.”

आणि फोन परत देऊन ते तळ्याच्या काठी खाली बसले. ओल्या गोणपाटावर चिकटलेले चार ताजे खवले त्यांनी एकेक करून उचलले, नव्या लिफाफ्यात घातले आणि वर सुवाच्य अक्षरांत लिहिले: परिशिष्ट ब.