भाऊची वाणी हरपली नव्हती

भाऊ गेल्याचे दोन फोन मला आले. पहिला वहिनींचा. आयटीआयमध्ये माझा तास चालू होता, मुलं कीबोर्डवर होती, मी दारात जाऊन फोन घेतला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "सुमन, तुन्हा भाऊ गया वं. चहा पेता पेता गया." फोन खिशात टाकते न टाकते तोच पुण्याहून भाच्याचा, निखिलचा फोन आला. "आत्या, बाबांचं दुःखद निधन झालं." बातमी एकच होती. पण पहिल्या फोनमध्ये माझा भाऊ गेला होता आणि दुसऱ्यात कुणीतरी रतिलाल सर... नंदुरबारहून शहाद्याला जाताना, प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल येईपर्यंत, मी रडले नाही. मला राग येत होता, आणि कुणाचा ते मला नीट कळत नव्हतं.

ते कळलं शोकसभेत. भाऊने ज्या हायस्कूलमध्ये जन्मभर मराठी शिकवली, तिथल्याच हॉलमध्ये सभा होती. त्याचे जुने सहकारी एकामागून एक उठले. सरांचं शुद्ध मराठी, सरांचे उच्चार, वर्गात एक 'न' चुकला तरी सरांची भुवई कशी वर जायची... आणि मग प्रत्येकाने आवाज खाली आणून तेच वाक्य म्हटलं: अखेरच्या काळात दुर्दैवाने सरांची वाणी हरपली होती. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेवटची दोन वर्षं त्या माणसाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत आलेली ही बाई मान खाली घालून ऐकत होती की तिचा नवरा बोलत नव्हता. मी उठून बोलायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मला बोलायला दिलं नाही. वेळ संपली होती. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर तापीकाठचं, शेतीचं. घरात, वावरात, ओट्यावर सगळी अहिराणी. भाऊ घरातला पहिला शिकलेला. धुळ्याला कॉलेज करून तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडातून 'शे' गेलं होतं आणि 'आहे' आलं होतं. स्वतःपुरतं ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्याने आमच्याही तोंडातून ते काढायचं ठरवलं. मी तिसरीत असताना निबंधात 'मन्ही गाय' असं लिहिलं, तर त्याने शब्दावर लाल फुली मारली आणि माझ्या हातावर लाकडी पट्टी. एकदा त्याचे हेडमास्तर घरी आले. आई पदर सावरत पुढे झाली, म्हणाली, "बठा ना सायेब, च्या लेतस ना?" भाऊने तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर त्याच्याकडे कुणी आलं की आई मागच्या दाराने गोठ्यात जायची. ती मरेपर्यंत तशीच जात राहिली. वहिनी लग्न होऊन आल्या त्याही हेच शिकल्या. स्वयंपाकघरात भांड्यांशी, शेजारणीशी अहिराणी, आणि बैठकीत पाहुणे असले की गप्प.

त्याचं दुसरं अंगही सांगायला हवं, नाहीतर तो माझ्यावर रागावेल. मुलीला कॉम्प्युटर कशाला, असं सगळी भावकी म्हणत असताना हाच माणूस मला पॉलिटेक्निकच्या दारात सोडून आला होता. आज मी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवते ती त्याच्यामुळे. हा लेख प्रमाण मराठीत लिहिता येतोय तोही त्याच्यामुळे. आणि हाच लेख मला आईच्या बोलीत लिहिता येत नाही, तेही त्याच्यामुळेच.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू चालायला लागला, उजवा हात थोडा आला, पण बोलणं गेलं. तो तोंड उघडायचा, ओठ हलवायचा, काहीतरी अर्धवट यायचं आणि तो डोळे मिटून घ्यायचा. दवाखान्यात पाण्याचा ग्लास पुढे धरून निखिल त्याला सांगत राही, "बाबा, म्हणा, पाणी. म्हणा, तहान." भाऊ घामाघूम व्हायचा. घरी आणल्यावर एका सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत होत्या, आणि तो स्पष्ट म्हणाला, "तीस लागनी." वहिनींच्या हातातला टॉवेल खाली पडला. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या तोंडून तहानेचा तो अहिराणी शब्द ऐकला नव्हता.

मग एकेक शब्द येत गेला, आणि येईल तो अहिराणीतच. शाळेतलं, पुस्तकातलं सगळं गळून पडलं होतं; आईचं तेवढं खाली राहिलं होतं. सुरतेच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे आम्ही त्याला गाडीने न्यायचो, विसरवाडीला थांबून त्याला भजी खाऊ घालायची, नवापूर ओलांडलं की पाट्या गुजरातीत. त्या बाई हिंदीत बोलायच्या. त्यांनी साफ सांगितलं: जी बोली येते ती येऊ द्या. टोकू नका. रोज बोलायला लावा, त्याचा आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. मी हे घरातल्या सगळ्यांना सांगितलं. भेटायला येणाऱ्यांना कोण सांगणार? ते यायचे, भाऊ म्हणायचा, "बठा," आणि ते एकमेकांकडे बघायचे. त्याचा एक सहकारी जिन्यात मला म्हणाला, "डोक्यावरही परिणाम झालाय वाटतं." जन्मभर आपल्या आईशी हीच भाषा बोललेला माणूस हे म्हणत होता.

रेकॉर्डिंगसाठी मी माझा जुना लॅपटॉप नेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आम्ही मुलांना तेच शिकवतो. मोबाइलची काच त्याच्या थरथरत्या बोटाला ऐकत नव्हती, माउस मात्र डाव्या हातात धरता येत होता. सगळं मराठीत केलं की त्याला सोपं जाईल असं मला वाटलं. मेनू उघडला तर त्यात काय... 'उपसाधने', 'प्रणाली साधने', 'मजकूर संपादक'. धडधाकट भाऊला हे शब्द फार आवडले असते. आता तो त्या ओळींकडे नदीपलीकडच्या गावाकडे बघावं तसा बघत बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हाई काय शे?"

लिनक्समध्ये मेनू आपल्या हाताने बनवता येतो. मेनूतल्या प्रत्येक नोंदीमागे एक छोटी फाइल असते. तिच्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या: नाव, चित्र, आणि क्लिक केल्यावर काय चालू करायचं. बाकीचं सगळं मी लपवलं आणि चारच नोंदी ठेवल्या. गाण्यांसाठी आमच्या घरच्या जुन्या रेडिओचा फोटो. फोटो बघायला लग्नाच्या अल्बमचा. आवाज रेकॉर्ड करायला वहिनींचा चेहरा, कारण बोलणं त्यांच्याशीच होतं. निखिलला व्हिडिओ कॉल लावायला निखिलचा. खाली अहिराणीतले छोटे शब्द: गाण्यांना 'आइक', म्हणजे ऐक; फोटोंना 'दख', म्हणजे बघ. पहिल्यांदा नावं बदललीच नाहीत, मी वैतागले. मग लक्षात आलं की फाइलीत मराठीसाठी नावाची वेगळी ओळ असते आणि मराठी पडद्यावर तीच दिसते. तीही बदलली. चित्र मोठं केलं. भाऊने वहिनींच्या फोटोवर क्लिक केलं, रेकॉर्डर उघडला, लाल बटण आलं. त्याने वहिनींना हाक मारली. ती हाक त्यालाच परत ऐकवली तेव्हा तो हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा.

पुढचे काही महिने तो रोज बसायचा. गाणी लावायचा, बोलायचा, स्वतःचं ऐकून मान हलवायचा. शब्द वाढत होते. वाक्यं होत होती.

दिवाळीत निखिल आला. त्याच दिवसांत भाऊचे दोन जुने सहकारी फराळाला आले, आणि त्यांच्यातला एकजण लॅपटॉपकडे बघून हसला. "हे काय सर? तुमच्या घरात 'आइक' आणि 'दख'?" पाहुणे गेल्यावर निखिलने मेनू उघडला आणि सगळं दुरुस्त केलं. 'श्रवण'. 'छायाचित्रे'. 'ध्वनिमुद्रण'. 'संपर्क'. आमचे घरगुती फोटो काढून त्या जागी नीटनेटकी, गोल, रंगीत चिन्हं बसवली. आणि पुण्याला निघून गेला.

माझ्या परीक्षांची गडबड होती, मी काही आठवड्यांनी गेले. लॅपटॉपवर टॉवेल वाळत घातला होता. वहिनी म्हणाल्या, "हात लावानं सोडी दिधं त्यास्नी." भाऊ खिडकीकडे तोंड करून पडला होता. मी हाक मारली, तो वळला, ओठ हलले, काही आलं नाही. मी मेनू उघडून पाहिला आणि तिथूनच निखिलला फोन लावला.

"मी चुकीचं काय केलं, आत्या?" तो म्हणाला. "लोक येतात, बघतात. बाबा मराठीचे शिक्षक आहेत. त्यांना कसं वाटत असेल?"

"तू त्यांना विचारलंस?"

"बाबांना आता काय विचारणार?"

त्या वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मुलगा वाईट नाही. वडिलांचं औषध, सुरतेच्या खेपा, सगळं त्याने केलं. पण जिवंत माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच बोलण्याबद्दल विचारायचं राहून जातं, आणि वर ते प्रेमापोटी असतं... आणि निखिलला हे शिकवलं कुणी? जो खिडकीकडे तोंड करून पडला होता त्यानेच. त्या दुपारी मला दोघांनाही पट्टी मारावीशी वाटत होती.

मी भाऊला उठवून खुर्चीत बसवलं. मेनू एडिटर उघडला आणि म्हटलं, आता तू सांग. मी टाइप करते. रेडिओचा फोटो परत लावला, खाली लिहिलं, 'ऐक'. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचं बोट हळूहळू पडद्यावर आलं, त्या अक्षराखाली टेकलं. भुवई वर गेली.

"आइक," तो म्हणाला.

मी घाईत माझ्या शाळेतल्या सवयीने लिहिलं होतं, आणि त्याने चूक पकडली होती. मी खोडून नीट लिहिलं. पुढचा शब्द लिहिला, त्याने तोही तपासला. 'बोल' वर मात्र मान हलवली. "नही." थांबला, श्वास घेतला, शब्द शोधला. "बोल... ना." मग मी 'बोल ना' लिहिलं. वहिनींच्या फोटोखाली. त्या दारात उभ्या होत्या, त्या लगेच आत निघून गेल्या.

काम संपल्यावर मी म्हटलं, "भाऊ, ह्याच बोलीसाठी तू मला पट्टी मारली होतीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर चुकवली नाही.

"हाव," तो म्हणाला.

एवढंच. नुसतं हो, माफी वगैरे नाही. मला त्याहून जास्त हवं होतं आणि ते मिळालं नाही. पण त्या दिवसापासून गेला त्या सकाळपर्यंत तो बोलत होता. भाजीवाल्याशी, कुत्र्याशी, आणि सगळ्यात जास्त वहिनींशी. एकदा मी वहिनींना विचारलं, कसं चाललंय. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पहिले माले निस्तं सांगेत. आते मन्हासंगे बोलतस."

शोकसभेनंतर शाळेतून मला फोन आला. स्मरणिका आणि एक छोटी चित्रफीत करायची होती, सरांच्या आवाजात काही मिळेल का. मी म्हटलं, भरपूर आहे, आणि त्यातलं एक पाठवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: हे नको मॅडम, सरांची प्रतिमा लक्षात घेता जुनं एखादं भाषण असेल तर बघा. मी उत्तर दिलं नाही. त्यांना ज्याची प्रतिमा हवी होती त्या माणसाला स्वतःच्या बायकोशी नीट बोलायला झटका यावा लागला, हे त्यांना लिहून काय उपयोग होता?

परवा शहाद्याला गेले होते. निखिलही आला होता. तो आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, आमचं अजून फारसं बोलणं नाही. दुपारची भांडी आवरून वहिनी भाऊच्या खोलीत गेल्या. त्यांना लॅपटॉप उघडता येतो हे मला माहीत नव्हतं. आधी त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला, मग भाऊचा. कधीतरी सकाळी रेकॉर्ड केलेलं काहीतरी होतं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तो कुरकुरत होता, भाजीत मीठ कमी शे. मग बायको कुठे गेली म्हणून त्याने हाक मारली, जरा चिडून, म्हातारे नवरे मारतात तशी.

"अवं, कथा गयी?"

निखिलने मान वर केली. आतून वहिनींनी, मोठ्या आवाजात, बैठकीत माणसं बसलेली असताना, उत्तर दिलं.

"आठेच शे. काय पायजे?"